सहलीचे तेहतीस फोटो

एकवीस वर्षांपूर्वी बोरीहून मला एक अंतर्देशीय पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. खरं म्हणजे उत्तर मी तीनदा लिहिलं आणि तिन्ही वेळा फाडून टाकलं. पण ज्यांनी वाट पाहिली त्यांच्या दृष्टीनं त्यात काही फरक नाही.

पत्र दिपाली नावाच्या मुलीचं होतं. तेव्हा ती अकरावीत होती. तिची मोठी बहीण शीला बोरीच्या शाळेत शिकायची, आणि मी त्या शाळेत ग्रंथपाल होतो. शीला नववीत असताना आमची सहल गेली, आणि त्याच वर्षीच्या श्रावणात ती काविळीनं वारली. पुढं संस्थेनं माझी बदली पाथरीला केली. पत्र पाथरीच्या पत्त्यावर आलं. अक्षर ठसठशीत होतं, ओळी थोड्या खाली उतरत गेलेल्या. मजकूर मला पाठ आहे.

"सर, तुम्ही मला ओळखणार नाहीत. मी शीलाची बहीण. सहलीत तुमच्याकडे कॅमेरा होता असं ताईने घरी सांगितलं होतं. आमच्या घरी ताईचा एकही फोटो नाही. आई म्हणते की मला आता शीलाचं तोंड पटकन आठवत नाही, आठवायला बसलं की दिपालीचंच तोंड पुढं येतं. तुमच्याकडे एखादा फोटो असेल तर पाठवा, बघून परत करू. नसेल तर नाही म्हणून कळवा, म्हणजे आई वाट बघणार नाही."

शेवटचं वाक्य सोपं होतं. नाही म्हणून कळवायचं होतं, इतकंच. ते का जमलं नाही, हे सांगायचं तर आधी कॅमेऱ्याबद्दल सांगावं लागेल.

तो कॅमेरा संस्थेनं १९९६ साली घेतला. त्याच्या खोक्यात एक इंग्रजी माहितीपुस्तिका होती आणि ती शाळेत मी एकट्यानंच वाचली. एवढ्यावरून मुख्याध्यापकांनी मला फोटो काढणारा ठरवलं. मला नकार देता आला नाही. तो मला कधीच देता आला नाही, म्हणून आयुष्यात बरीच कामं माझ्याकडं आली आणि त्यांतली निम्मी बिघडली.

जानेवारीत नववीच्या मुलींची सहल निघाली. एसटीची खास गाडी, त्रेचाळीस मुली, आम्ही तीन शिक्षक. वाटेत लेणी वगैरे झाली. शेवटचा दिवस मुंबईच्या अलीकडच्या एका मोठ्या उद्यानासाठी ठेवला होता. उद्यान म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर झेंडूचे वाफे आले होते. आत गेलो तर सिमेंटचा डोंगर, डोंगराच्या पोटातून बाहेर येणारी छोटी आगगाडी, आणि चार-चार माणसं बसवून गरागरा फिरणाऱ्या कपबशा. मी याबद्दल कुठंतरी वाचलं होतं. पण वाचलेली कपबशी आणि अंगावर येणारी कपबशी यांचा तसा काही संबंध नसतो. आमच्या मुली तर दाराशीच थबकल्या होत्या. त्यांतल्या निम्म्या जणींनी बोरी-जिंतूरपलीकडं पाहिलं असेल तर परभणीचा बाजार.

त्या उद्यानात एक समुद्र होता. म्हणजे एक उतरता हौद होता, एका कडेला घोट्याएवढा आणि दुसऱ्या कडेला माणूस बुडेल एवढा. पाणी अगदी निपचित पडलेलं. आम्ही काठावर गेलो तेव्हा कुठंतरी घंटा वाजली, आणि काही क्षणांनी ते पाणी उठलं. पलीकडच्या भिंतीपासून एक लाट निघाली, तिच्यामागं दुसरी, मग तिसरी. त्रेचाळीस मुली एकदम गप्प झाल्या. मुलांना गप्प बसवणं हे माझं वीस वर्षांचं काम होतं, पण तशी शांतता मी वाचनालयात कधी ऐकली नव्हती.

तेवढ्यात माझ्या मागून एका मुलीनं विचारलं, "सर, ह्या पाण्याला कोण हाकायलंय?"

मी पाण्याकडं बघतच म्हणालो, "भिंतीमागं यंत्र असेल."

"आन् घंटा झाली की थांबतंय?"

"थांबत असेल."

"लय गुणाचं हाय मग," ती म्हणाली.

ती शीला होती. तिचे वडील रायभान मेंढपाळ, वर्षातले आठ महिने मेंढ्या घेऊन रानोमाळ. तिचा तो प्रश्न मला आजही जसाच्या तसा ऐकू येतो. तेव्हाचा तिचा चेहरा आठवत नाही, कारण मी मागं वळून पाहिलंच नव्हतं.

निघायच्या आधी मुख्याध्यापकांनी सगळ्यांचा एकत्र फोटो काढायला सांगितलं. मुली कारंज्याच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या. पिशव्या आणि चपलांचा ढीग बाजूला पडला होता आणि येणारेजाणारे त्याला अडखळत होते. मी म्हणालो, "शीला, तू जरा पिशव्यांपाशी थांब. तुझा नंतर काढतो." ती लगेच गेली. मी फोटो काढला. त्यानंतर रोलमध्ये चार फोटो शिल्लक होते, असं कॅमेऱ्यावरचा आकडा सांगत होता. ते मी कशाचे काढले? एक लिंबू-सरबताच्या गाड्याचा. एक ओल्या फरशीवरच्या पावलांचा. एक फाटकाचा, आणि एक आमच्या गाडीचा, जी मला पुढचे चौदा तास दिसणारच होती. शीलाचा राहिला. मी विसरलो, आणि तिनं आठवण केली नाही.

रोल धुऊन आला तेव्हा छत्तीसपैकी तीन खराब निघाले. उरलेले तेहतीस मुख्याध्यापकांनी टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि बराच वेळ पाहत राहिले. तिकिटाची खिडकी. रांगेचे कठडे. पेंग्विनच्या आकाराची कचरापेटी. उंची मोजायची पट्टी. मुलींच्या वेण्या, पाठी, पुन्हा वेण्या. शेवटी ते म्हणाले, "सर, एकत्र फोटो सोडला तर पालकांना दाखवायला एखादं तरी तोंड घ्यायचं होतं." माणसांना इकडं तोंड करा, हसा, असं सांगायचा मला संकोच वाटायचा. म्हणून मी मागून काढले होते. ते फोटो शाळेच्या फलकावर लागले नाहीत. मुख्याध्यापकांनी ते मलाच परत दिले.

दिपालीचं पत्र आलं तेव्हा मी ते तेहतीस फोटो दोन रात्री पाहिले. ज्या फोटोंत तोंडं होती तेवढेच नीट पाहिले. बाकीचे बाजूला सारले. एकत्र फोटोत बेचाळीस मुली मोजल्या. शीला कुठंही नव्हती आणि का नव्हती हे मला माहीत होतं. फोटो नाही एवढंच लिहिलं तर ते अर्धं खरं ठरत होतं. पूर्ण खरं लिहायला बसलो की हात थांबायचा. मग एक महिना गेला, मग वर्ष, आणि मग उत्तर देण्याचीच लाज वाटू लागली.

गेल्या डिसेंबरात राजेश्रीचा फोन आला. ती त्याच वर्गातली, आता पाथरीतच प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गातल्या मुलींनी मोबाइलवर गट केला होता आणि उन्हाळ्यात सगळ्या बोरीला जमणार होत्या. कुणाला तरी आठवलं की लायब्रीवाल्या सरांकडं कॅमेरा होता.

रविवारी सकाळी ती आली. मी फोटो काढून ठेवले होते, पण तिच्यापुढं ठेवताना तिकिटाची खिडकी सगळ्यांत खाली जाईल असं बघितलं. तिला नेमकी पेंग्विनची पेटी आधी सापडली.

"सर, हे काय हाय?"

"कचरापेटी."

"आन् आमी कुठं हाव?"

"तिच्या मागं असाल," मी म्हणालो.

माझी बायको मनकर्णा चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "त्यांचं तसंच हाय बाई. लग्नात अंतरपाट धरला तर हे अंतरपाटाची किनार बघायलेले. पाट काढला तरी किनारीकडंच डोळे. भटजी म्हणले, आता नवरीकडं बघा."

राजेश्री हसता हसता थांबली आणि एक फोटो उचलून डोळ्यांजवळ नेला. तो रांगेचा होता, नुसत्या वेण्यांचा. "ही मी," ती म्हणाली. "माझ्या एका वेणीला लाल रिबिन आन् एकीला गुलाबी. एक गाडीत हरवली होती, ही बबितानं दिली." मग तिनं बबिता शोधली, मग आणखी तिघी. तिचं बोट एका वेणीवरून दुसऱ्या वेणीवर जात होतं आणि मी ज्यांना पाठी म्हणून बाजूला सारलं होतं त्यांना एकेक नाव मिळत होतं. मी नुसता बघत राहिलो. एवढी माणसं माझ्या कपाटात होती.

मी विचारायचं ठरवलं नव्हतं. पण तोंडून निघून गेलं. "शीला आठवते का, रायभानची?"

तिनं हातातला फोटो खाली ठेवला. मग म्हणाली, "आठवती की सर. शेवटची काठी तिच्याकडंच होती."

"कसली काठी?"

"अवो सर, विसरला का तुमी? हेडसरांनी लांब काठीला लाल फडकं बांधलं होतं. रांगेच्या शेवटी जी असंल तिनं ती धरायची, म्हंजी पुढच्या सरांना कळावं की रांग कुठं संपली. पहिल्या दिवशी सर हजेरीवही घिऊन नावं घ्यायले, अर्धा तास झाला तरी मेळ लागंना. ही मागं उभी. म्हनली, सर, दोन खंड्या आन् तीन हाव आमी, मला धरून. सगळ्या हसल्या. सरांनी पुन्ना मोजलं तर त्रेचाळीसच."

मेंढरं मोजायची ती रीत आहे. वीस मेंढरांची एक खंडी.

"तवापासून काठी तिला दिली," राजेश्री म्हणाली. "आमी म्हनायचो, शीले, तुला शिक्षा झाली बघ, मागं मागं चालायची. तर ती म्हनायची, मला मागंच बरं हाय. मागून सगळ्या दिसतेत."

राजेश्रीनं तेहतीसही फोटो मोबाइलमध्ये घेतले आणि ती गेली. जाताना म्हणाली की दिपालीला सेलूला दिलंय, नंबर काढून देते. मी नुसती मान हलवली.

माझ्याकडं शब्दकोशातली बारीक अक्षरं वाचायचं एक भिंग आहे. दारात उन्हात खुर्ची घेऊन बसलो आणि पहिल्या फोटोवर भिंग धरलं. तो कठड्यांचा फोटो होता. मुली कठड्यांमधून वळणं घेत चालल्या होत्या आणि उजव्या बाजूला एक आडवा गज दिसत होता, जो मी अठ्ठावीस वर्षं कठड्याचाच समजत होतो. तो कठड्याला जोडलेला नव्हता. तो एका मुलीच्या खांद्यावर होता. मानेमागून आडवी काठी घेतलेली, दोन्ही मनगटं काठीवरून पुढं सोडलेली, डाव्या टोकाला फडक्याचा एक लालसर ठिपका. रानात मेंढरांमागं उभे असलेले लोक असेच उभे असतात. पाथरीच्या बाहेर कुठल्याही माळावर ते बघायला मिळतं.

 मी भिंग खाली ठेवलं, धोतराच्या टोकानं पुसलं, आणि दुसरा फोटो घेतला. तिकिटाच्या खिडकीच्या फोटोत ती होती, अगदी कडेला, अर्धी कापलेली. पण खांदा आणि काठी होती. उंचीच्या पट्टीच्या फोटोत तिची फक्त सावली होती, काठीसकट, फरशीवर पडलेली एक लांब फुली. पेंग्विनच्या पेटीमागं ती होती. आगगाडीच्या फोटोत सगळ्या मुली डब्यांत बसलेल्या आणि फलाटावर एकटीच उभी ती. आमच्या गाडीच्या फोटोत, ज्याच्यावर रोल वाया गेला असं मी समजत होतो, शेवटच्या दोन मुली पायरीवर चढत होत्या आणि त्यांच्यामागं ती.

लाटांचा फोटो मी मुद्दाम शेवटी ठेवला होता. त्यात मला नेहमी नुसतं पाणी दिसायचं. पाणी आणि खालच्या कोपऱ्यात काहीतरी अंधुक, बहुधा माझं बोट. ते बोट नव्हतं. ती काठावर आली होती, माझ्या पुढं. म्हणजे तो प्रश्न विचारल्यावर ती माझ्या मागं थांबली नाही. झग्याची कड हातात धरलेली, एक टाच उचललेली, काठी खाली टेकवलेली. येणारी लाट तिच्यापासून हातभर अंतरावर होती. ती लाट कधीच फुटून विरून गेली असणार. ते यंत्रही आता भंगारात गेलं असेल. आणि इथं, माझ्या गुडघ्यावरच्या त्या कागदावर, ती लाट अजून यायचीच होती आणि ती मुलगी अजून ओली व्हायचीच होती. मी कितीतरी वेळ ते पाहत बसलो. मनकर्णानं दोनदा जेवायला बोलावलं.

अकरा फोटो भरले. जिला मी फोटोतून बाजूला उभं केलं होतं, ती अकरा फोटोंत होती. मी काढलेल्या दुसऱ्या कुठल्याच मुलीचे इतके फोटो नव्हते.

पण एकाही फोटोत तोंड नव्हतं. पाठ, खांदा, मान, टाच, सावली. मी पुन्हा एकदा सगळे बघितले. नव्हतंच.

रात्री जेवताना मी मनकर्णाला म्हणालो, "मुलीचं तोंड आठवत नाही म्हणणाऱ्या बाईला मुलीची पाठ कशी पाठवायची? थट्टा केल्यासारखं होईल."

"एकवीस वर्षं कायच पाठवलं न्हाई, ती कोणती थट्टा होती?" ती म्हणाली. मग माझं तोंड बघून तिनं आवाज खाली आणला. "अवो, माय हाय ती. पाठवून तर बघा."

"आहे की नाही हेही माहीत नाही."

"मग इचारा कुणाला तरी. माणसं कशाला असतेत?"

मानवत रस्त्याला मी रोज सकाळी फिरायला जातो. सोयाबीन काढलेल्या एका रानात आठवडाभर मेंढ्या बसल्या होत्या. खतासाठी शेतकरी मेंढ्या रानात बसवून घेतात. त्यांचा मालक सटवाजी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. रोज जाता-येता तो हात वर करायचा आणि मी मान हलवायचो, एवढीच ओळख. दुसऱ्या दिवशी मी एक फोटो वहीत घालून निघालो. दोनदा त्याच्या बांधावरून पुढं गेलो आणि परत आलो.

तिसऱ्या खेपेला त्यानंच हाक मारली. "काय हरवलं का गुरुजी?"

मी बांध उतरलो. मेंढ्या जाळीच्या कुंपणात उभ्या होत्या, अंगातून वाफ निघत होती. मी विचारलं, "बोरीचे रायभान तुमच्या ओळखीचे का?"

"रायभान? तो जाऊन दहा वर्सं झाली की. का बरं?"

"आणि त्यांच्या घरचं कुणी?"

"भागुबाई हाय. धाकटा बबलू हाय, त्याच्यापाशीच असती बोरीला. अजून सुईत दोरा ववती म्हातारी, चष्मा न्हाई काय न्हाई."

मी वही उघडून फोटो त्याच्या हातात दिला. कपबशांचा होता. मी मुद्दाम तोच आणला होता, कारण त्यात काठी दिसत नव्हती, नुसत्या झग्यावरून मी तिला ओळखलं होतं. गर्दीत सात-आठ मुली पाठमोऱ्या, समोर फिरणाऱ्या कपबशा. काय आहे, कुणाचं आहे, मी काहीच सांगितलं नाही. आपल्याला दिसलं ते खरं आहे का, याची मला खात्री करायची होती.

त्यानं फोटो हातभर लांब धरला. "ही आमच्यातली पोरगी हाय," तो म्हणाला, आणि त्याचं नख बरोबर तिच्यावर टेकलं.

मी विचारलं, "कशावरून?"

"बाकीच्यांच्या माना बघा. सगळ्या वर. ते काय फिरायलंय तिकडं. हिची मान आडवी. ती बघा तिकडं खांबाकडं एक पोरगी फुटलीय कळपातून. हिची नजर तिच्यावर हाय. आता ही हाक मारनार तिला."

मी फोटो परत घेऊन पाहिला. खांबापाशी खरंच एक मुलगी होती, इतरांपासून दहा पावलं लांब. मी भिंग घेऊन तासभर बसलो होतो आणि मला ती दिसली नव्हती.

"रायभानची थोरली मुलगी," मी म्हणालो. "शीला. गेली ती." आणि मग मी त्याला पत्राबद्दल सांगितलं, थोडक्यात. पिशव्यांचंही सांगितलं. शेवटी म्हणालो, "अकरा फोटो आहेत, पण सगळे पाठमोरे. एकात तोंड नाही. आई काय ओळखणार?"

सटवाजी हसला. वाईट हसला नाही. "गुरुजी, आमी तोंड कवा बघावं? मेंढरू पुढं, आमी मागं. जलमभर पाठीच बघितल्या. ही दीडशे हायती, ह्यांची तोंडं इचारली तर मला सांगता यायची न्हाईत. पाठीवरनं मातर एकेक सांगतो. लेकरांचंबी तेच. वाटंनं लेकरं पुढं असतेत, माय बोजा घिऊन मागं. चालीवरनं कळतं कोन दमलंय, कोन रुसलंय, कुणाला काटा लागलाय. भागुबाईनं त्या पोरीची पाठच जास्ती बघितली असंल." त्यानं कुंपणातून बाहेर डोकं काढलेल्या एका मेंढीला ढकललं. "तोंड इसरतंय मानूस. चाल न्हाई इसरत."

घरी येताना मला सारखं वाटत होतं की आपण आयुष्यभर पुस्तकं वाचली, त्यांत माणसाच्या चेहऱ्याची वर्णनं किती वाचली असतील, आणि आपल्याला हे एवढं ठाऊक नव्हतं. अकरा नव्हे, अकराशे फोटो असते तरी मी तोंडच शोधत बसलो असतो.

राजेश्रीनं दिपालीचा नंबर पाठवला होता. खाली लिहिलं होतं, सर, तिला फोटो लगेच धाडता येतील. मी तिला कळवलं की थोडं थांब. पत्र टपालानं आलं होतं, त्याचं उत्तर मी टपालानंच द्यायला हवं असं मला वाटलं. आणि काचेवरचा फोटो बोटानं सरकून जातो. म्हातारीला तो हातात धरता यावा.

त्या दुपारी लिहायला बसलो. पाचव्या प्रयत्नात पत्र पुरं झालं. ते असं:

"भागुबाईंस, सप्रेम नमस्कार. मी बोरीच्या शाळेतला जुना ग्रंथपाल, बन्सीधर. तुमच्या दिपालीनं २००४ साली मला पत्र लिहून शीलाचा फोटो मागितला होता. नसेल तर कळवा, असंही लिहिलं होतं. मी दोन्ही केलं नाही. याचं कारण असं की सगळ्या मुलींचा एकत्र फोटो काढताना मी शीलाला पिशव्यांपाशी थांबवलं होतं आणि तुझा नंतर काढतो म्हणालो होतो. तो मी काढला नाही. हे लिहायची मला लाज वाटली, आणि त्या लाजेपायी तुम्हाला वाट बघत ठेवलं. दोन्ही चुका माझ्या आहेत.

आता या वयात फोटो पुन्हा बघितले तेव्हा शीला मला दिसली. सहलीत रांगेच्या शेवटची काठी तिच्याकडं होती. सगळ्या मुलींना तीच मोजायची. त्रेचाळीसच्या त्रेचाळीस मुली सुखरूप घरी आल्या. फोटोंत तिचं तोंड नाही, पाठ आहे. मी खूण केलेली नाही. खूण करायचा अधिकार माझा नाही, आणि माझी नजर तितकी पक्कीही नाही. मला अकरा फोटोंत ती दिसली. तुम्हाला आणखी कशात दिसेल, म्हणून तेहतीसच्या तेहतीस पाठवत आहे. पाण्याचा जो फोटो आहे तो सावकाश बघा. ते पाणी पाहून तिनं मला विचारलं होतं की ह्याला कोण हाकतंय. मी नीट उत्तर दिलं नव्हतं.

फोटो परत करू नयेत. ते तुमचे आहेत."

शेवटी काय लिहावं ते सुचेना, म्हणून सही केली आणि माझा पत्ता घातला.

मनकर्णानं फोटोंच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावून दिला आणि पाकीट खळीनं चिकटवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला मी पोस्टात गेलो. खिडकीपाशी पुढं दोन माणसं होती. पाकीट हातात होतं आणि मला नेहमीसारखं वाटू लागलं होतं की अजून एकदा वाचून पाहावं, ते पाण्याबद्दलचं वाक्य काढावं की ठेवावं. तेवढ्यात पुढची दोन माणसं झाली.

खिडकीतल्या तरुणानं पाकीट तोललं. "काय हाय आत, काका?"

"फोटो," मी म्हणालो. "आणि पत्र."

"महत्त्वाचं असंल तर स्पीड पोस्टनं टाका. पत्त्यात घर नंबर न्हाई."

"गाव लहान आहे. रायभानच्या घरचं म्हटलं की कुणीही सांगेल."

त्यानं मान डोलावली, यंत्रातून निघालेली चिठ्ठी पाकिटावर डकवली आणि तिच्यावर तळहात दाबला. "उद्या न्हाई तर परवा बोरीत," तो म्हणाला, आणि पाकीट मागच्या पिशवीत टाकलं.